अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्या काकांना

काका, सा. न.

नावाने तुम्ही मला ओळखणार नाही. गाइडं विकायला आलेला यावलकडचा पोरगा म्हटलं तर आठवेल कदाचित. पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो होतो. सदाशिव पेठेतली कॉट सोडायची, मेसची उधारी चुकवायची आणि रात्रीची गाडी धरायची, असा बेत होता.

पेन्सिलीच्या खुणा दाखवून तुम्ही भाव पाडलात (पाडलातच, आभार मानतानाही सांगतो), मग गाव विचारलंत. "म्हणजे नेमाड्यांच्या तालुक्यातला की!" सुतळीच्या गठ्ठ्यातून भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी ओढून काढलीत. कव्हर गायब, कण्याला चिकटपट्टी. "वाच आणि आणून दे."

गाडी सोडून दिली. आमच्या सांगवीचा, १९३८ साली जन्मलेला माणूस इथे फर्ग्युसनला शिकतो काय आणि १९६३ मध्ये, ऐन पंचविशीत, असलं काही छापून आणतो काय! कादंबरीतली माणसं छापील बोलतात, अशी माझी समजूत होती. हा पांडुरंग सांगवीकर तर होस्टेल, मेस, बापाचे पैसे यांवरच बोलत सुटलेला, वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. त्याची धाकटी बहीण मनी मरते तिथे पुस्तक मिटलं, गच्चीवर गेलो आणि बहिणीला उगाच फोन लावला. "काय रे, पास झाला का?" ती म्हणाली.

पुस्तक परत करताना मी ऐटीत म्हणालो, मीही पांडुरंगासारखा घरी निघालोय. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पांडुरंग हात हलवत गावी गेला. नेमाडे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, लंडनला शिकवून आले. दोघांत गल्लत करू नकोस."

इतकं झणझणीत मला घरच्यांनीही कधी सुनावलं नव्हतं.

मग नेमाड्यांच्याच 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' एकेक करून दिलीत, भाडं एका चहाचं. या चारही कादंबऱ्यांत गावोगावच्या कॉलेजांत बिऱ्हाड हलवत फिरणारा चांगदेव मला पांडुरंगापेक्षा जवळचा वाटला. लघुकथेला कमी लेखणारं नेमाड्यांचं मत मात्र अजून पटत नाही. त्यावरून आपण भर फूटपाथवर भांडलोही.

परीक्षा काही निघाली नाही. हल्ली एका छापखान्यात प्रुफं तपासतो. आभार मानायला दोनदा चौकात येऊन गेलो; शेजारचे म्हणाले, काका आता गावीच असतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

'झूल' माझ्याकडेच राहिलीय, काका. तिचा चहाही.