शिल्लक की न झालेला खर्च?

‘जिल्हा परिषदेचे शिलकी अंदाजपत्रक’ ही बातमी वाचली. खर्चापेक्षा जमा जास्त दाखवली म्हणून केलेल्या कौतुकाचा तिचा सूर पटला नाही. स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. पण राखणे म्हणजे खर्चणे नव्हे. आमच्या गावात अशा राखीव निधीतल्या शिलाई मशिनी उतरल्या त्या मार्चच्या, म्हणजे आर्थिक वर्षाच्या, शेवटच्या आठवड्यात. शिवता कुणाला येते, हे विचारायला सवडच नव्हती! एक मशीन अजून ओसरीवर पोत्याखाली आहे. शाळेचे वीजबिल मात्र शिक्षक वर्गणी काढून भरतात. तरतुदींसोबत गेल्या वर्षीचा विभागवार प्रत्यक्ष खर्चही छापावा. फेब्रुवारीपर्यंत किती आणि एकट्या मार्चमध्ये किती, एवढे दोन आकडे दिले तरी पुरे.

– एक निवृत्त ग्रामसेवक