रॉमफर्डच्या काकांना, कुत्र्यांच्या एका वर्षाबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही ही अट तुमचीच, म्हणून नुसतं काका. पण पत्र उघड आहे, चार मराठी घरांत वाचलं जाणार, आणि त्यातलं एखादं घर काकूंच्या मैत्रिणीचं असणारच. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही नेमके कुठे असता हे त्यामुळे आता फार काळ लपणार नाही. तेवढं सोसा.

२०२५ चं अख्खं वर्ष तुम्ही मला ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यतींमध्ये हिंडवलंत. पण 'बघ, किती भारी' असं कधी म्हणाला नाहीत, आणि 'बघ, किती वाईट' असंही नाही. आभार मानायचे ते त्याबद्दल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी इकडे आले. इथे डॉक्टर म्हणून नाव लागायला आधी परीक्षा द्यावी लागते. तोवर मी एसेक्समधल्या एका दवाखान्यात मदतनीस आहे. गायी-म्हशी, शेळ्या, रस्त्यावरची कुत्री यांच्यात शिकलेली मी, आणि इथे टेबलावर येतात ते शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड. गुळगुळीत फरशीवर पाय टाकायला भितात, जिना चढता येत नाही, घरातला टीव्ही लागला की दचकतात, कारण आयुष्य केनेलमध्ये, कुत्र्यांच्या कोठडीत, गेलेलं. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी इतक्या दाट की दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला तातडीनं सलाइन लावलं असतं. ग्रेहाउंडच्या रक्तात ५५ ते ६५ टक्के भाग तांबड्या पेशींचा, हे नेहमीचंच. अंगावर चरबी जवळजवळ नाही, आणि थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध दिलं तर तासन्‌तास उठत नाहीत. हे सगळं पुस्तकात आहे आणि ते मी वाचलंही होतं. पण हा प्राणी असा का घडला, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुम्ही डॉक्टर नाही. डॅगनमच्या मोटारींच्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. "अगं पोरी, पळताना बघितल्याशिवाय त्याच्या पायाला हात लावायचा नाही," असं म्हणून तुम्ही मला पूर्व लंडनमधल्या रॉमफर्डच्या ट्रॅकवर घेऊन गेलात.

तिथे तुम्ही मला आधी शर्यतीचं छापील कार्ड वाचायला बसवलंत, शर्यत नंतर. कुत्रे जिथून सुटतात ते सहा पिंजरे, सहा रंग: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. बाहेरच्या कडेनं पळणारा कुत्रा असेल तर त्याच्या नावापुढे डब्ल्यू असतो आणि त्याला बाहेरचा पिंजरा मिळतो, आतल्या कठड्याला चिकटून पळणारा आत. मागच्या शर्यतींच्या ओळी वाचायच्या: सुटायला उशीर, पहिल्या वळणावर धक्का, शेवटी जोर. एका कुत्र्याच्या लांबीचं अंतर म्हणजे ०.०८ सेकंद, वाळू ओली की कोरडी याची वेगळी वजाबाकी, आणि मग आलेली वेळ बाकीच्यांशी ताडून बघायची. आमच्या दवाखान्यातले केसपेपर इतके नीट लिहिलेले असते तर माझं निम्मं काम वाचलं असतं. वजनाचा नियमही तुम्हीच सांगितलात: मागच्या खेपेपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला तर कुत्रा पळवायचा नाही. कुत्र्याच्या ओळखपुस्तकात प्रत्येक बोटाच्या नखाचा रंगसुद्धा लिहिलेला असतो हे ऐकून मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत. कुत्रे बदलून लोकांनी काय काय केलं होतं ते तुम्ही पाहिलेलं होतं.

मग दिवे मंदावले, ससा आला. ससा कसला, रुळावरून पळणारं कापडाचं बोचकं. झाकण उघडलं आणि चोवीस-पंचवीस सेकंदांत ४०० मीटर संपले. मी सगळ्यांसारखी पुढे कोण आहे ते बघत होते. दुसऱ्या शर्यतीला तुम्ही माझा खांदा धरून मला पहिल्या वळणाकडे वळवलंत. "इथं बघ. बाकीचं टीव्हीवर दिसतं."

काका, त्या वळणानं मला जे शिकवलं ते कुठल्याच व्याख्यानात नव्हतं. सुटल्यापासून चार-पाच सेकंदांत सहाही कुत्रे तिथे पोचतात, अजून एकमेकांपासून फुटलेले नसतात, आणि सगळ्यांना तीच आतली वाट हवी असते. ताशी साठ किलोमीटरच्या वर वेग. शर्यत कायम घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे. शरीर आत झुकतं आणि बाहेर फेकणारा सगळा जोर मागच्या उजव्या पायावर येतो. दवाखान्यात ग्रेहाउंडच्या मागच्या उजव्या पायाच्या हॉकमधलं, म्हणजे घोट्याच्या सांध्यातलं, मधलं हाड, सेंट्रल टार्सल, मोडलेलं किंवा मोडून कसंबसं जुळलेलं का दिसतं, ते तिथे कठड्याला टेकून उभी असताना मला समजलं. तेच हाड, तोच पाय, वर्षानुवर्षं तेच वळण. एकदाच पडून मोडावं असं ते क्वचितच असतं. आधी सरावात बारीक बारीक चिरा पडत जातात, आणि एका रात्री ते दगा देतं. आता लंगडणारा ग्रेहाउंड आला की मी आधी मालकाला विचारते, हा कुठल्या पिंजऱ्यातून पळायचा? आमच्या डॉक्टरबाई चमकून बघतात. हे माझं शिक्षण रॉमफर्डचं आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वर्षाची सुरुवातच निरोपानं झाली. जानेवारीत क्रेफर्डचा ट्रॅक बंद झाला, तुम्ही मला तिथेही नेलंत. बृहद्‌लंडनमध्ये आता एकटं रॉमफर्ड उरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर याच शहरात तीसेक ट्रॅक होते आणि १९४६ मध्ये देशभरात नुसत्या टोटवर, म्हणजे ट्रॅकवरच्या सामाईक पैजेत, १९ कोटी ६० लाख पौंडांहून जास्त पैजा लागल्या, हे तुम्ही बसमध्ये सांगितलंत. व्हाइट सिटी १९८४ मध्ये गेलं, वॉल्थमस्टो २००८ मध्ये, विम्बल्डन २०१७ मध्ये. वॉल्थमस्टोची निऑनची दर्शनी भिंत तेवढी अजून उभी आहे, मागे फ्लॅट. सगळ्या ब्रिटनमध्ये परवान्याचे ट्रॅक आता विसाच्या आत आले. खेळ मरत चाललाय म्हणावं, तर शर्यती मात्र रोज असतात, भर सकाळीसुद्धा, रिकाम्या खुर्च्यांसमोर, कारण त्या बेटिंगच्या दुकानांतल्या पडद्यांसाठी लावलेल्या असतात. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात उदास दृश्य हेच. तुमचंही मत वेगळं नसावं. सकाळच्या शर्यतीला तुम्ही कधी जात नाही.

फेब्रुवारीत वेल्सच्या सरकारनं शर्यतींवर बंदी आणणार असं जाहीर केलं. तिथे ट्रॅक एकच, इस्त्राद मनाखचा. पुढे सप्टेंबरमध्ये विधेयकही मांडलं गेलं: बंदी एप्रिल २०२७ च्या आधी नाही आणि एप्रिल २०३० च्या पुढे नाही. ब्रिटनचं सरकार मात्र इंग्लंडसाठी आमचा तसा विचार नाही म्हणतं. ही बातमी मी तुम्हाला जरा भीतभीतच सांगितली होती. तुम्ही एकदम बैलगाड्यावर गेलात. तुमच्या चुलत्यांची बारी, घाटातली गर्दी, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं घातलेली बंदी, मग राज्याचा कायदा, आणि २०२३ मध्ये घटनापीठानं दिलेला हिरवा कंदील. "तिथं बंद झालं तेव्हा लोक रडले, चालू झालं तेव्हा नाचले. बैलाला कुणी विचारलं?" असं म्हणून तुम्ही चहा मागवलात. बैल घरच्या गोठ्यात म्हातारा होतो, कुत्र्याला गोठा नाही, एवढा फरक मी तेव्हा सुचवून पाहिला. तुम्ही मान डोलावलीत, आणि पुढच्या आठवड्यात तो कागद आणलात.

तो कागद म्हणजे शर्यतींचं नियमन करणाऱ्या ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटननं स्वतःच छापलेले आकडे. बोर्ड २०१८ पासूनचे आकडे जाहीर करतं. पुढे २०२४ चे आले तेही तुम्हीच दाखवलेत: ३,५५,६८२ धावा (एक कुत्रा एका शर्यतीत पळाला की एक धाव), ३,८०९ दुखापती, ट्रॅकवरच मेलेले १२३. टक्केवारीत ते बारीक दिसतं, दुखापती एक टक्क्याच्या जरा वर. 'टक्केवारी बघायची आणि एकशे तेवीसही बघायचे,' असं तुमचं म्हणणं होतं. बंदी मागणाऱ्यांनी हा कागद मला दिला असता तर मी तो वाचला असता आणि बाजूला ठेवला असता. शर्यतीवर जीव असलेल्या माणसानं तो हातात ठेवला, म्हणून तो मला टाळता आला नाही. आयर्लंडचंही तुम्ही लपवलं नाहीत. २०१९ मध्ये तिथल्या आरटीई वाहिनीनं, निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांचं काय होतं ते दाखवलं आणि देश हादरला. तरीही २०२५ साठी सरकारी निधीतून तिथल्या ग्रेहाउंड शर्यतींना १ कोटी ९८ लाख युरो मिळाले. ब्रिटनमध्ये पळणारे बहुतेक कुत्रे तिथूनच येतात. कानात गोंदलेली अक्षरं बघून कुत्रा आयरिश आहे का हे ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि दवाखान्यात आजवर ते चुकलेलं नाही.

जूनमधली डर्बी, वर्षातली सगळ्यात मानाची शर्यत, टोस्टरला झाली, ड्रूपीज प्लंज जिंकला, पॅट्रिक यान्सन्सच्या केनेलचा. तुमचे दोन पौंड दुसऱ्याच कुत्र्यावर होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते ट्रिंगबद्दल. हर्टफर्डशरमधल्या त्या संग्रहालयात, काचेआड, मिक द मिलर हा जुन्या काळचा नामांकित ग्रेहाउंड उभा आहे. पेंढा भरलेला, लहानखुरा, कुठूनही राजा वाटणार नाही असा. तुम्ही टोपी काढलीत. मग हलक्या आवाजात त्याची कहाणी सुरू झाली: १९२६ मध्ये, म्हणजे मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर ब्रिटनमधली गोल ट्रॅकवरची पहिली शर्यत झाली त्याच वर्षी, आयर्लंडमधल्या ऑफली परगण्यात किलीच्या फादर ब्रॉफींकडे जन्मलेलं पिल्लू. डिस्टेंपरनं, कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या साथीच्या रोगानं, मरता मरता वाचलं. १९२९ मध्ये लंडनला आलं आणि व्हाइट सिटीवर ५२५ यार्ड तीस सेकंदांच्या आत पळणारा पहिला कुत्रा ठरलं. त्या वर्षी अंतिम शर्यतीत धडक झाली, निकाल रद्द झाला, शर्यत पुन्हा लावली आणि ती त्यानं जिंकली. १९३० मध्ये परत डर्बी. डिस्टेंपर हा शब्द ऐकल्यावर माझं लक्ष गेलं ते पाडव्याच्या सुमाराला शिरवळच्या ओपीडीत येणाऱ्या पिल्लांकडे. आज लस आहे तरी आम्ही त्यांतली किती गमावतो. तेव्हा लस नव्हती, नुसती शुश्रूषा. डब्लिनच्या शेल्बर्न पार्क ट्रॅकवरचा कुणी माणूस त्याच्या उशाशी बसून राहिला नसता तर काचेत उभं करायला काही उरलंच नसतं. तुम्हाला मात्र त्याच्या वळणाबद्दल बोलायचं होतं. वेगापेक्षा डोकं मोठं होतं म्हणे, गर्दी बघून मागे थांबायचा आणि वाट मोकळी झाली की शिरायचा. आपण दोघंही तिथे एकाच कुत्र्याकडे बघत होतो आणि दोन वेगळे कुत्रे बघत होतो.

रविवारच्या केनेलबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही, म्हणून मी लिहिते. निवृत्त कुत्री घर मिळेपर्यंत जिथे ठेवतात तिथे हा माणूस गुडघे दुखत असताना, पावसातसुद्धा, दोन पट्टे दोन हातांत धरून फिरतो. सोबत मलाही फिरवतो. काळ्या कुत्र्याला घर उशिरा मिळतं, म्हणून काका काळाच आधी घेतात. २०२० पासून प्रत्येक कुत्र्याच्या नावे निवृत्तीसाठी रक्कम बाजूला ठेवली जाते, अर्धी मालकाची, अर्धी बोर्डाची, हे चांगलंच झालं. पण ती घर मिळेपर्यंत पुरत नाही, हे तिथल्या पिंजऱ्यांकडे बघून कळतं. एका रविवारी मी तुम्हाला विचारलं, ऐंशीच्या दशकात कारखान्यातल्या दोस्तांबरोबर तुमचा ज्या कुत्रीत वाटा होता, तिचं पुढे काय झालं? तुम्ही बराच वेळ चालत राहिलात. मग म्हणालात, "तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मीपण नाही विचारलं." मला वाटतं त्या वर्षभरात तुम्ही मला दिलेल्या सगळ्या माहितीत हे एक वाक्य द्यायला तुम्हाला सगळ्यात जड गेलं असेल. त्याचे आभार वेगळे.

या सगळ्यातून माझं मत काय झालं, असं तुम्ही अजून विचारलेलं नाहीत. विचाराल तेव्हा सांगेन, आणि ते ऐकून तुम्हाला थोडं वाईट वाटेल असा अंदाज आहे. तरी शुक्रवारची माझी जागा धरून ठेवा, त्या वळणाजवळची.

येत्या २४ जुलैला बेल व्ह्यूच्या त्या पहिल्या शर्यतीला शंभर वर्षं होतील. मिस्टली नावाचा कुत्रा जिंकला होता आणि बघायला सतराशेच्या आसपास माणसं होती. तो ट्रॅक २०२० मध्येच बंद पडला, तिथे आता बघण्यासारखं काही नाही, तरी तुम्हाला जायचंय म्हणालात. गाडी मी चालवीन. रजेचा अर्ज कालच टाकला आहे.

तुमची,
शिरवळची पोर