चि. ओंकार, हे व्हॉट्सॲपवर मावणार नव्हतं

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

सायलीवर चिडू नकोस. तिने चुगली केलेली नाही. मीच तिच्या मोबाइलवर बागेतल्या पानांचे फोटो बघत होते, मध्येच तू आलास, हात झोळीत घातलेला. तोवर व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दाखवत होतास, आणि मी पप्पांना सांगत होते, पोरगा तब्येतीने चांगला भरलाय म्हणून.

फोनवर मी ओरडले आणि तुझी रेंज गेली. तुझी रेंज बरोबर माझा आवाज चढला की जाते. म्हणून कागद घेतला. सायली फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिला विचार, मला नको, मी परत सुरू होईन.

हाड मोडलं त्याचं मला एवढं नाही. हासळीचं हाड जुळतं. नानांचं जुळलं होतं, तेही वयाच्या साठीत, आणि त्यानंतरही ते ॲटलासवर दुधाचे कॅन लावून डेअरीला जायचे. मला लागलं ते तू सायलीला लिहिलेलं वाक्य: 'अर्धा तास पडून होतो, कोणी फिरकलंच नाही, पण आभाळ भारी होतं.' आभाळ भारी होतं! ट्रॅक्टरच्या चाकाची ओली माती वळणावर सांडलेली, तुझी सायकल आडवी, मोबाइल उडून गवतात पडलेला आणि तू आभाळ बघतोयस. इकडे फाट्यावर कोणी घसरलं तर उठायच्या आत दहा जण गोळा होतात. एक पाणी देतो, एक सायकल उचलतो, तिसरा विचारतो कोणाचा रे तू. त्या तिसऱ्याचा लहानपणी तुला राग यायचा, आठवतं?

तू म्हणतोस, आई, इथले रस्ते शांत आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. अरे, तीच तर भीती आहे. गर्दीच्या रस्त्यावर धक्का लागेल, पण माणूस असतो. आप्पांचं मी काही काढत नाही. तू लहान होतास.

रस्ते मी बघितलेत, तूच दाखवलेस. फ्रान्समधल्या तुझ्या बोर्डोजवळ, क्रेऑनहून ला सोव्हकडे जाताना छातीला मोबाइल बांधून केलेला तो व्हिडिओ पप्पांनी कितीदा लावला असेल. पप्पा रस्ता बघत नाहीत, ते ओळी बघतात. कमरेएवढ्या बुटक्या वेली, आपल्यासारखा मांडव नाही, आणि ओळीवरून तंगड्या फाकून चालणारा तो उंच ट्रॅक्टर. 'दोन नद्यांच्या मधला भाग म्हणजे आपला गोदाकाठच की,' असं ते म्हणतात. गारोन आणि दोर्दोन्य ही नावं त्यांनी पाठ केलीत, आत्याला फोनवर म्हणूनही दाखवली. मी मात्र त्या व्हिडिओत माणूस शोधत होते. एक कुत्रं दिसलं. एका घराच्या खिडक्या बंद. बागेत तोडणीला बाई नाही की बुवा नाही, सगळं मशीन तोडतं.

मागे तू सांगितलं होतंस ना बोर्डोच्या फवाऱ्याचं, वेलींवर मारतो त्या औषधाचं? तिथल्याच मेडोक भागात शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत. मग 1882 साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की डावणी रोगाने बाकीच्या बागेची पानं गेली, पण रस्त्याकडेची पानं शाबूत राहिली. त्याने त्यावर काम केलं, 1885 मध्ये जगाला सांगितलं, आणि आज पप्पा आपल्या ड्रमात काठीने तेच ढवळतात. ते ऐकून पप्पा खूश झाले होते. मला आता त्यातलं दुसरंच सुचतं. म्हणजे तेव्हा त्या रस्त्यांनी द्राक्षं चोरण्याइतकी तरी माणसं जात होती. आता चोरायलाही कोणी येत नाही. वर तू म्हणालास की 2023 पासून सरकारच पैसे देऊन तिकडच्या बागा उपटायला लावतंय. म्हणजे अजूनच ओस.

बघ, परत तिथेच आले. मला खरं तर वेगळं लिहायचं होतं.

मी पण सायकलवाली आहे हे तू विसरतोस. आठवीत मामाची जेन्ट्स सायकल घेऊन नळीखालून पाय घालत, अर्ध्या पायडलवर मी शाळेत जायचे. दोन्ही बाजूला ऊस, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. तेव्हा बिबट्याचं नाव नव्हतं, आता त्याच वाटेने दुपारी सुद्धा पोरी एकट्या जात नाहीत. पावसाळ्यात चिखल मडगार्डात अडकून चाक जाम व्हायचं, मी काडीने खरवडत बसायची, आणि बाजूच्या उसात काही सळसळलं की मोठ्याने परवचा म्हणायची. आजी दारात उभी असायची. एकदा मी अंधार पडल्यावर पोचले, तर आधी पाठीत धपाटा आणि मग ताटात गरम भाकरी. आजीला त्या धपाट्याबद्दल कधी वाईट वाटल्याचं आठवत नाही. माझा हात तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कागद.

तर ऐक. तिकडचे नियम तूच मला सांगितलेत, आता मी तुला सांगते. गावाबाहेर मोटारीने सायकलपासून दीड मीटर लांबून जायचं असतं, गावात एक. बरोबर? पण हे मोटारवाल्याला माहीत असून काय उपयोग, तो वळणाआड आहे आणि तू दिसत नाहीस. ते चकाकणारं पिवळं जाकीट अंधारात गावाबाहेर सक्तीचं आहे, तर ते भर दुपारी पण घाल. हेल्मेटची सक्ती फक्त बारा वर्षांखालच्यांना आहे, असं म्हणून मला गप्प केलं होतंस. माझ्या हिशेबात तू अजून बाराच्या आतला आहेस. छोट्या रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, हे विसरत जाऊ नकोस. आपल्याकडे जो मोठा तो आधी जातो, ती सवय अंगात असते. आणि आता शिकारीचे दिवस. ऑक्टोबरमध्ये तिकडचे लोक रानकबुतरांवर बंदुका घेऊन बसतात म्हणे. झाडीतल्या रस्त्याने तर नकोच जाऊस.

लेक्चर झालं. माफ कर. पण मोबाइल गवतात उडाला हे डोक्यातून जात नाही. तो हॅन्डलला लावायचा नाही, पाठीमागच्या चेनच्या खिशात ठेवायचा. आणि निघताना कुठे चाललास ते सायलीला लाइव्ह लोकेशनने पाठव. मला नको. मी औषधाच्या दुकानातल्या बाईसारखी दिवसभर काचेतून बघत बसेन, आणि सध्या गोडी छाटणी चालू आहे, डोळ्यांची वेगळी कामं आहेत.

छाटणीवरून आठवलं. मागच्या हिवाळ्यात तिथल्या मालकाने तुझा कात्री चालवायचा वेग बघून विचारलं की कुठे शिकलास, आणि तू म्हणालास 'घरी'. हे तू सहज सांगितलंस. मी ते बचत गटात सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, आणि दिवाळीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. पप्पांनी काही न बोलता कात्रीला धार लावायला घेतली. आपल्या वस्तीवरचं पोरगं बोर्डोला जाऊन वाइनचा अभ्यास करतंय, ह्यात मला काय कमी वाटतं का? वाइनबद्दल नानींना मी 'सरबताचं शिक्षण' सांगितलंय, तेवढं सांभाळून घे.

आणि सायकल सोड असं मी म्हणत नाही, हे नीट वाच. डॉक्टर हो म्हणाले की चालव. तो जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेला सायकलरस्ता आहे ना, बोर्डोहून सोव्हतेरला जाणारा, लापेबीच्या नावाचा, त्यावरून जा. तिथे मोटारी नाहीत आणि माणसं असतात. लापेबीने 1937 ची टूर द फ्रान्स गियर बदलणारी सायकल घेऊन जिंकली हे तू नानांना सांगितलंस तेव्हा नाना काय म्हणाले होते? 'गियर लागतो म्हणजे पायात दम नाही.' त्यांना काय माहीत तिकडचे चढ. पण तू रविवारी सकाळी आतल्या रस्त्यांनाच जाणार, हे मला ठाऊक आहे. पाणी संपलं की कबरस्तानाच्या नळावर बाटली भरतोस, हे हसत सांगितलंस. सगळे सायकलवाले भरतात म्हणे. गावात दुकान बंद, माणूस नाही, आणि पाणी मिळतं ते कबरस्तानात. यावर मी काय बोलू?

ज्या बाईंनी गाडी थांबवून तुला उचललं त्यांना काही दिलंस का? ब्रेडची गाडी घेऊन त्या रोज त्याच वेळेला जातात असं सायली म्हणाली. त्यांची वेळ नक्की विचारून घे. मग तू पण त्याच वेळेला त्या रस्त्याला जात जा. यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू पाठवतेय, डब्यावर नाव लिहिलंय, ते तू खायचे नाहीत. तुझे वेगळे आहेत, कागदाच्या पुड्यात.

पप्पा विचारतात, तिकडची पानं पिवळी झाली का आणि छाटणी कधी. त्यांना फोटो पाठव. त्यात तुझा पण एक, खांद्यापासून खालचा.

तुझी,
आई

ता. क. – ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं असं सायलीने आत्ता सांगितलं. म्हणजे सहाच्या आतच अंधार? मागचा लाल दिवा चार्ज केलास का ते आधी कळव, बाकीचं नंतर.