गुडघा 'दुर्दैवाने' जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणा खेळाडूचा गुडघा गेला की क्रीडा पानावरच्या बातमीत एक शब्द हमखास येतो : 'दुर्दैवाने'. या शब्दावर माझा जुना राग आहे.

मी 17 वर्षांची असताना माझ्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. तेव्हा माझ्या आसपास कोणीही नव्हतं. उंच चेंडूसाठी उडी मारली, डाव्या पायावर उतरले, वळायला गेले आणि आतून 'टक्' असा आवाज आला. कोणाचा धक्का नाही, पायाखाली खड्डा नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, कोणी न धडकता, उतरताना किंवा वेगात दिशा बदलताना होतात आणि मुलींमध्ये त्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, हे मला फार नंतर कळलं.

आमची तयारी काय असायची? मैदानाला दोन फेऱ्या, वाकून अंगठे धरायचे, दहा आकडे, शिट्टी. नुसतं उभ्याउभ्या स्नायू ताणून दुखापती फारशा टळत नाहीत. आम्हाला उडी मारायला शिकवलं होतं, उतरायला नाही.

आता मी शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवते. नवी मुलगी आली की चेंडू देण्याआधी तिला एका पायरीवरून खाली उडी मारायला लावते आणि समोरून बघते. बऱ्याच जणींचे गुडघे उतरताना एकमेकांना भेटायला निघतात. धोका तिथेच. मी एवढंच सांगते, 'मांजरीसारखी उतर, आवाज येता कामा नये.' आवाज टाळायचा म्हटलं की गुडघे आणि खुबे आपसूक वाकतात. हे अंगवळणी पडायला मात्र आठवडे लागतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी घाईने शिकवून उपयोग नाही.

आम्ही फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा व्यायामक्रम करतो. 20 मिनिटांचा. आधी 8 मिनिटं सावकाश धावणं, मग 10 मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी 2 मिनिटं वेगाने धावणं. चेंडू सोडला तर साधन काही लागत नाही. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1,892 फुटबॉलपटू मुलींवर त्याची चाचणी झाली. निष्कर्ष 2008 मध्ये आले : हा क्रम करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळपास निम्म्या.

त्यातला एक व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. माझ्या मुली त्याला 'साष्टांग' म्हणतात, कारण सुरुवातीला सगळ्या आडव्याच होतात. पहिल्या दिवशी तीन-चार पुरेत. हौसेने पंधरा करणारीला दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

पालक कडेला उभे राहून विचारतात, 'मॅडम, खेळ कधी सुरू होणार?' मी म्हणते, सुरू झालाय. आयोजकांना मात्र हे पटवता येत नाही. मागच्या स्पर्धेत आधीचा सामना लांबला आणि आम्हाला 'थेट सुरू करा' असं फर्मान आलं. आम्ही गोलमागच्या पट्टीत तयारी उरकली आणि उशीर केल्याबद्दल बोलणी खाल्ली.

माझ्या गुडघ्याचं पुढे काय झालं तेही सांगते. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात संघाला गरज होती म्हणून मला मैदानात उतरवलं. सूज नव्हती, म्हणजे बरी झाले, असा हिशेब. आज किमान नऊ महिने थांबायला आणि दोन्ही पायांची ताकद तपासूनच परतायला सांगतात. माझा तोच गुडघा पुन्हा गेला आणि खेळ तिथेच संपला.

टक्कर होऊन हात मोडला तर खुशाल दुर्दैव म्हणा. पण पुढच्या वेळी कोणी एकटीच कोसळली, तर आपल्या बातमीदाराने प्रशिक्षकांना एवढं विचारावं : सामन्याआधी किती मिनिटं मिळाली होती, आणि या मोसमात संघाने उतरण्याचा सराव कधी केला होता?

आपली,
एक माजी फुटबॉलपटू