दरीच्या तळाशी कॅमेरा कोणी लावला?

महोदय,

जंगलात तग धरण्याचे टीव्हीवरचे कार्यक्रम खरे की रचलेले, यावर आमच्या घरी जेवताना वाद रंगतो. माझं म्हणणं एवढंच, की पडदा नीट बघा. बेअर ग्रिल्स दोरावरून दरीत उतरतो, तेव्हा कॅमेरा खालून त्याच्या बुटांचे तळवे टिपत असतो. म्हणजे मंडळी आधीच तळाला पोहोचलेली! ‘मॅन व्हर्सस वाइल्ड’च्या चित्रीकरणात तो काही रात्री हॉटेलात राहिल्याचं 2007 मध्ये उघड झालं. मग काही प्रसंग मुद्दाम उभे केलेले असतात, अशी पाटी झळकू लागली. ती वाचतो कोण? त्या मानाने ‘सर्व्हायव्हरमॅन’ या अशाच कार्यक्रमातला लेस स्ट्राउड एकटाच कॅमेरे वाहतो, तिवई लावून पुढे चालत जातो आणि ती उचलायला पुन्हा मागे येतो. दिसायला कंटाळवाणं, पण पटतं.

करमणूक म्हणून हरकत नाही. पोरं मात्र नक्कल करतात. तहान भागवायला लघवी पिण्याचा धडा तर घातकच, कारण त्यातले क्षार बाहेर टाकायला शरीराला आणखी पाणी लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. नान्नजच्या माळावर मेंढरं घेऊन निघालेला धनगर डोक्याला पटका बांधतो, भर दुपारी बाभळीखाली बसतो आणि पाणी कुठं मिळेल हे निघण्याआधीच ठरवतो. यात थरार नाही, म्हणून त्याच्यामागे कॅमेरा जात नाही. निदान ती पाटी तरी चॅनलवाल्यांनी मराठीत, ठळक अक्षरांत आणि वाचून होईपर्यंत दाखवावी.

– एक वाचक, जुळे सोलापूर