ताप उतरत नसेल तर…

संपादक महोदय,

पावसाळ्यात कोकणात ताप लांबला की लेप्टो, मलेरिया, डेंग्यू एवढाच विचार होतो. भातशेतीच्या मुलखात ते साहजिकच. पण सगळे अहवाल निगेटिव्ह, ताप कायम, माणूस बरळतोय आणि रक्तात एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारे एन्झाइम) भरमसाट वाढलेले, असे असेल तर रक्तवाहिन्यांच्या आत वाढणाऱ्या लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची, शंका घ्यावी. १९५९ मध्ये प्रथम नोंदवलेल्या या दुर्मिळ कर्करोगात सहसा गाठ येतच नाही. पेशी बारीक वाहिन्यांतच साचतात. वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेच्या बायॉप्सीतही तो सापडू शकतो. त्वचेचा हा छोटासा तुकडा जिल्हा रुग्णालयात काढून मुंबईला तपासणीसाठी पाठवण्याची सोय का नसावी? रिटुक्सिमॅब या औषधासह केमोथेरपी वेळेत मिळाल्यास अनेक रुग्णांचा आजार आटोक्यात येतो.

– एक वाचक, मालवण