वाडा उतरवण्याआधी

स्टॉकहोम, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

गल्लीने मिळून वाडा वाचवायचा, सुटा करून नव्या जागेवर वाचनालय म्हणून उभा करायचा, हे तुमच्या पत्रात वाचून फार आनंद झाला. इथे स्वीडनच्या उत्तरेकडच्या किरुना गावाचं ६७२ टनांचं लाकडी चर्च याच ऑगस्टमध्ये अख्खंच्या अख्खं ५ किलोमीटर नेलं. पण त्यासाठी रस्ता रुंद केला होता. विटा-मातीच्या भिंती आणि जुन्या नाशकातले बोळ पाहता आपल्याला ते जमणार नाही. इथल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात १८९१ पासून जुनी घरं सुटी करून आणतात आणि पुन्हा जोडतात, तीच रीत आपली.

पहिलं कौल काढण्याआधी प्रत्येक लाकडावर नंबर हवा. खडू पुसतो, रंग घासला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर मजला, खण (दोन खांबांमधला गाळा), दिशा आणि आकडा कोरून ती झाकल्या जाणाऱ्या बाजूला ठोका. तीच खूण नकाशावर. तुळईची टोकं उलटसुलट झाली की कुसू, म्हणजे टोकाची कोरलेली जीभ, भोकात बसत नाही, मग सुतार तासायला घेतो आणि जुना सांधा कायमचा जातो.

भिंती उतरल्या की सांगाडा डुलतो, म्हणून तिरके टेकू आधी. लाकडी खुंटी बारीक टोकाकडून ठोकून काढायची. पहारीने उचकटलं तर कुसूच मोडतं. भिंतीतली तुळयांची टोकं आणि खांबांचे पाय बहुधा कुजलेले निघतील. हातोडीने बद्द आवाज आला तर तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधा. अख्खी तुळई कृपा करून टाकू देऊ नका. लाकूड जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आत ओल धरतं.

मला खरी काळजी उथळ्यांची, म्हणजे खांबांखालच्या दगडी बैठकांची वाटते. इतक्या वर्षांत वाडा बसलेला असतो, एखादा कोपरा दोन बोटं खाली गेलेला, आणि लाकडांनी तोच बाक धरलेला. नव्या सपाट जोत्यावर मग सांधे मिटत नाहीत. प्रत्येक उथळ्याची उंची पाण्याच्या नळीने मोजून लिहा आणि खांब-तुळयांची प्रत्येक चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवून पाहा.

दर्जेला, म्हणजे भिंतीचे सांधे भरायला, चुनाच, एकास तीन वाळू. सिमेंट ओल कोंडतं आणि तुळयांची टोकं पुन्हा कुजतात. जागा गोदावरीच्या निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या हद्दीच्या, बाहेर आहे ना? २००८ चा पूर विसरू नका. पुस्तकांची कपाटं तळमजल्यावरच ठेवा, कडीपाटाला, म्हणजे वरच्या मजल्याच्या लाकडी तक्तपोशीला, तो भार नको. दिवाळीनंतर उतरवायला घेतलं तर छप्पर मात्र जूनच्या आत चढलंच पाहिजे.

मोजणीच्या कागदांचे फोटो पाठवा, उथळ्यांच्या उंच्या मी ताडून देतो.

काकूंना नमस्कार.

आपला,
मन्या